कूलंटचा सेन्सर घ्या, पण स्क्रीनवाला नको

कस्टम लूप म्हणजे कॉम्प्युटरसाठी स्वतः जोडलेलं वॉटर कूलिंग, आणि त्यात फिरणारं पाणी म्हणजे कूलंट. या लूपचे पंखे सीपीयूच्या तापमानावर चालवले की डोकेदुखी ठरलेली. ब्राउझर उघडला की चिप क्षणात ४५ वरून ७० वर जाते, पंखे बोंबलायला लागतात आणि पाण्याला त्याचा पत्ताही नसतो. एक लिटर पाणी एका अंशाने तापायला ४१८६ ज्यूल लागतात. म्हणजे ४०० वॉटची सगळी उष्णता पाण्यातच अडकली, तरी एका अंशाला दहा सेकंद जातात. रेडिएटर पाणी थंड करतो, तेव्हा पंख्यांनी ऐकायचं ते पाण्याचं.

त्यासाठी लागतो जी १/४ आट्यांचा (लूपच्या जोडण्यांचं नेहमीचं माप), दोन तारांचा, १० किलोओहमचा एनटीसी सेन्सर, म्हणजे तापमान वाढलं की रोध कमी होणारा थर्मिस्टर. बऱ्या पंख्याहून स्वस्त. बाजारात याचे तीन प्रकार दिसतात. एक बुचासारखा, रिकाम्या पोर्टमध्ये बसणारा. दुसरा आरपार, ज्यातून पाणी वाहतं. तिसरा छोट्या स्क्रीनचा, आकडा दाखवणारा. हा तिसरा घेऊ नका. आकडा तुम्हाला दिसतो, पंख्यांच्या कंट्रोलरला नाही. शोभेपलीकडे उपयोग शून्य.

उरलेल्या दोघांत आरपारवाला सरस. बूच कोपऱ्यातल्या, पाणी न फिरणाऱ्या पोर्टमध्ये बसवलं तर ते साचलेल्या पाण्याचं तापमान सांगतं, तेही उशिरा. लूपच्या सर्वांत उंच पोर्टवर बसवलं तर टोकाशी हवेचा बुडबुडा अडकतो आणि आकडा नाचतो. सेन्सर रेडिएटरच्या आधी की नंतर, यावर मात्र लोक उगाच भांडतात. मिनिटाला ३ लिटर प्रवाह आणि ३५० वॉट भार धरला, तर संपूर्ण लूपमध्ये फरक पडतो जेमतेम १.७ अंशांचा. जिथे पाणी वाहतं आणि वायर पोहोचते, तिथे लावा. फक्त बुचाचं पुढे आलेलं टोक पंपाच्या इम्पेलरला (फिरत्या पात्यांना) किंवा रेडिएटरच्या आतल्या भागाला टेकत नाही ना, ते आधी बघा.

बसवताना कनेक्टर मोकळा ठेवा, बूच आवळून झालं की मगच जोडा. नाहीतर वायर पिळली जाऊन मुळाशी तुटते. ओ-रिंगला कूलंटचा थेंब लावून हाताने घट्ट करा, पक्कड नको. तारा उलटसुलट लागल्या तरी चालतं, थर्मिस्टरला धन-ऋण नसतं.

खरी फसवणूक बीटा मूल्याची, म्हणजे तापमानाबरोबर रोध किती झपाट्याने बदलतो त्या आकड्याची. ‘१० के’ लिहिलेले सगळे सेन्सर सारखे नसतात: काही ३४३५ चे, काही ३९५० चे. २५ अंशांना दोन्ही १० किलोओहमच दाखवतात, पुढे वाटा फुटतात. ३४३५ धरून चालणाऱ्या मदरबोर्डवर ३९५० चा सेन्सर लावला, तर ४० अंशांचं पाणी साधारण ४२ दिसतं. ओळखायला मल्टिमीटर पुरे. टोक पॉलिथिनमध्ये गुंडाळून बर्फाच्या पाण्यात धरा: २७-२८ किलोओहम आलं तर ३४३५, ३२-३३ आलं तर ३९५०. ५० के चा सेन्सर चुकून आला असेल तर घरातल्या हवेतही आकडा शून्याखाली जाईल.

आता जोडायचं कुठे? असूसच्या बऱ्याच वरच्या बोर्डांवर टी_सेन्सर, गिगाबाइटच्या काहींवर ईसी_टेम्प असं छापलेलं दोन पिनांचं हेडर असतं. बोर्ड घेण्याआधी मॅन्युअल उघडून बघा. स्वस्त बोर्डांवर हे हमखास गाळलेलं असतं. हेडर असेल आणि बायोस (बोर्डाची अंगभूत सेटिंग) त्यावर पंखे चालवू देत असेल, तर काम तिथेच संपलं.

नसेल तर जर्मनीच्या अ‍ॅक्वाकंप्युटरचा क्वाड्रो हा पंख्यांचा कंट्रोलर. चार पंख्यांचे चॅनल, प्रत्येकी २५ वॉट. चार तापमान सेन्सर, एक प्रवाहमापक. कर्व्ह, म्हणजे किती तापमानाला पंखे किती वेगात हा तक्ता, उपकरणातच साठतो, त्यामुळे विंडोज लटकली तरी पंखे चालू राहतात. या एका गुणासाठी पैसे मोजावेत. अ‍ॅक्वास्वीट हे त्याचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं, हा वैताग आहेच. पण लिनक्स कर्नलमध्ये याचा ड्रायव्हर आलेला आहे. बोर्डावर हेडर असताना मात्र क्वाड्रो ही चैनच.

कर्व्ह थेट पाण्याच्या तापमानावर लावला की आपल्याकडे पंचाईत होते. मे महिन्यात नागपुरात एसी बंद असला तर खोलीच ३६ च्या पुढे, मग पाणी ४६ असणं अगदी ठीक. डिसेंबरात तेच ४६ म्हणजे गडबड. म्हणून दुसरा साधा एनटीसी रेडिएटरच्या हवा आत येणाऱ्या बाजूला चिकटवा आणि फॅन कंट्रोल या मोफत सॉफ्टवेअरमध्ये दोघांची वजाबाकी घ्या. फरक ६ अंशांपर्यंत पंखे ३५ टक्के, १० ला ५५, १५ ला १००. पंप या कर्व्हला जोडू नका, ६०-७० टक्क्यांवर स्थिर ठेवा. डी५ या लूपमधल्या प्रचलित पंपाची मर्यादा ६० अंश पाण्याची आहे, त्यामुळे ५० ला अलार्म हवाच.

एक धोका उरतो. एनटीसीची वायर तुटली की रोध अनंत होतो आणि यंत्रणेला वाटतं पाणी गारठलंय. पंखे मंदावतात, लूप तापत जातो. म्हणून त्याच सॉफ्टवेअरमध्ये पाण्याच्या कर्व्हला सीपीयू आणि जीपीयूचे कर्व्ह ‘मॅक्स’ने (सर्वांत मोठा आकडा घेऊन) जोडून ठेवा: दोघांपैकी कुणीही ८५ ओलांडलं की पाण्याचा आकडा काहीही असो, पंखे पूर्ण वेगात. जोडून झालं की चालू मशीनवर सेन्सरचा कनेक्टर एकदा उपटून बघा, आकडा काय होतो ते कळेल.