जांभळी नाक्याच्या रानभाजीवाल्या मावशी : शेवळं, टाकळा, वास्ते आणि "आता नको नेऊस बाय"

पाचपैकी पाच. आणि तेही भाजी ताजी मिळते एवढ्यासाठी नाही, ताजी भाजी ठाण्यात पन्नास ठिकाणी मिळते. ह्या मावशी कुठली भाजी कधी खायची नाही हे सांगतात आणि त्या दिवसानंतर विकतच नाहीत, ह्यासाठी दिलेत.

आधी गेल्या वर्षीचं सांगते कारण त्याशिवाय हे कळणार नाही. जूनचा पहिला आठवडा, सासूबाईंना शेवळं हवी होती, आमच्याकडे सीकेपी पद्धतीने सोडे घालून करतात आणि वर्षातून दोनदाच होतात, पण मला ऑफिसमुळे सकाळी मार्केटला जायला जमेना म्हणून एका अॅपवरून मागवली. छान पॅकिंग, साफ करून बारीक चिरून आलेली, वर हिरवं लेबल. काकडं, म्हणजे शेवळांत घालायची रानटी आंबट फळं, नव्हती. मी म्हटलं चिंच घालू. पण चिरूनच आल्यामुळे आतला पिवळा दाणेदार भाग काढलाय की नाही हे बघायला काही मार्गच नव्हता, आणि तो काढलेला नव्हता. पहिल्या दोन घासांत सासूबाईंनी हात आखडला, जीभ चुरचुरायला लागली, मग घसा, मग ओठ, माझ्या मुलीने तर रडून घर डोक्यावर घेतलं. डॉक्टरकडे जावं लागलं नाही पण रात्रभर खवखव होती. अॅपवाल्यांनी पैसे परत केले, कारण मात्र त्यांना शेवटपर्यंत समजलं नाही, "क्वालिटी इश्यू" म्हणाले. क्वालिटी चांगलीच होती हो, शेवळं अशीच असतात!

दुसऱ्या दिवशी हाफ डे टाकून मार्केटला गेले. जांभळी नाक्यावरून स्टेशनकडे येताना फुटपाथवर ह्या बसतात, शहापूरच्या बाजूच्या आहेत, आसनगावहून पहाटेची लोकल पकडून येतात. मी रात्रीचं सगळं सांगितलं तर त्यांनी एक शेवळ उचललं, वरचं तपकिरी वेष्टण सोललं, आतला दांडा माझ्यासमोर धरला आणि खालचा पिवळट भाग नखाने दाखवून म्हणाल्या, "हा टाकायचा, ह्यातच खाज हाय." मग जुडीबरोबर मूठभर काकडं न मागता पिशवीत टाकली. काकडं ठेचून त्यांचा आंबट रस घालायचा, आणि चिरताना हाताला तेल लावायचं.

घरी आल्यावर मी ह्यावर बरंच वाचून काढलं. शेवळं म्हणजे सुरणाच्या नात्यातल्या रानटी झाडाचा फुलोरा, पानं यायच्या आधी मे अखेरीला वळवाचे दोन शिंतोडे पडले की जमिनीतून वर येतो. त्यात कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या बारीक कणी असतात, अळूत असतात तशाच, त्या जिभेला आणि घशाला टोचतात. कॅल्शियम ऑक्झलेट पाण्यात विरघळत नाही म्हणून नुसतं उकळून भागत नाही, साफ करण्यातच अर्धं काम आहे. आणि हे साफ करणं डोळ्यांसमोर झालं पाहिजे किंवा आपण स्वतः केलं पाहिजे, म्हणून चिरलेली शेवळं कुणीही कुठूनही घेऊ नका असं मी हात जोडून सांगते.

मावशींवर माझा खरा विश्वास बसला तो टाकळ्यावरून. जून-जुलैत त्यांच्याकडे टाकळ्याचा ढीग असतो, देठ नखाने मोडून दाखवतात, कट्कन मोडला तर घ्यायचा, तंतू लोंबला तर जून झाला. ऑगस्टच्या शेवटी गेले तर ढीग गायब. मी म्हटलं, "मावशी, टाकळा नाही का आणलात?" तर म्हणाल्या, "आता नको नेऊस बाय, फुलाव आलाय, पोट जाईल." बाजूला एक जण तोच टाकळा, पिवळ्या कळ्यांसकट, बिनधास्त विकत होता. ह्यांनी गिऱ्हाईक सोडलं पण जून पाला दिला नाही. आणि त्यांचं बरोबर आहे, टाकळा हा सोनामुखीचा भाऊबंद, सोनामुखीत जी पोट साफ करणारी द्रव्यं असतात त्याच जातीची टाकळ्यातही असतात. कोवळी पानं भाजीला, फुलं-शेंगा आल्यावर सोडून द्यायचा, आपल्याकडे हे जुन्या बायकांना पाठच होतं.

ह्यात गंमत वाटत असेल तर त्याच कुटुंबातला कासविंदा बघा. पश्चिम उत्तर प्रदेशात वर्षानुवर्षे पावसाळा सरल्यावर लहान मुलं अचानक आजारी पडून दगावायची, मेंदूज्वर समजून उपचार व्हायचे. 2007 साली तिथल्या डॉक्टरांनी छापलं की मुलं खेळता खेळता कासविंद्याच्या शेंगांतल्या बिया खातात आणि त्याने यकृत, स्नायू आणि मेंदूवर परिणाम होतो. शेंगा भरतात तेव्हाच आजार यायचा. हे वाचलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला, आमच्या सोसायटीच्या मागच्या मोकळ्या प्लॉटवर अशी पिवळ्या फुलांची झुडपं भरपूर आहेत आणि मुलं तिकडेच खेळतात. मुलीला त्या दिवशीच शेंगा दाखवून ठेवल्या.

वास्ते, म्हणजे बांबूचे कोंब, जुलै-ऑगस्टमधे मिळतात. ते देताना मावशी दर वेळी तेच सांगतात, मी पाचव्यांदा घेतले तरी सांगतात, की पातळ चिरायचे, रात्रभर पाण्यात ठेवायचे, ते पाणी फेकायचं, मग उकळायचे आणि तेही पाणी फेकायचं. कच्च्या कोंबात टॅक्सिफायलिन नावाचं द्रव्य असतं, चिरल्यावर त्यातून सायनाइड सुटतं. हायड्रोजन सायनाइड 26 अंशांच्या आसपासच उकळून वाफ होतो, म्हणून उकळताना झाकण ठेवू नका आणि किचनची खिडकी उघडी ठेवा. नीट केलेल्या वास्त्यांची चव मात्र अशी की घरात परत परत फर्माईश होते.

आता थोडं कमीचं पण सांगते. रोज येत नाहीत, बुधवार आणि रविवारी मला हमखास दिसल्यात. साडेनऊनंतर गेलात तर टोपली रिकामी. क्यूआर कोड नाही, सुट्टे न्या. शेवळाची जुडी मी यंदा 60 ला घेतली, काकडं त्यातच, भाव करू नका प्लीज, ह्या बायका रात्री तीनला उठतात. आणि घाईच्या वेळेला प्रश्न विचारायला गेलात तर चिडतात, सातच्या आत गेलं तर निवांत बोलतात.

कडू करांदे, म्हणजे रानटी वेलाचे कंद, मी त्यांच्याकडे मागितले होते, दिवाळीनंतर वेल वाळला की निघतात. गोडे दिले, कडू नाही दिले. त्यांच्या घरी कडू करांदे चकत्या करून राखेत शिजवतात आणि मग वाहत्या पाण्यात ठेवतात, तेव्हा कुठे कडूपणा आणि विष दोन्ही जातं. "तुमच्या बिल्डिंगीत व्हाळ हाय का?" असं विचारलं त्यांनी मला. नव्हता, म्हणून गोडेच घेऊन आले, मीठ घालून उकडले, सासूबाईंनी एकटीने अर्धे संपवले.