यंत्र उत्तम, तापमान मात्र तपासून घ्या

या केंद्राच्या ६०० मेगाहर्ट्झ एनएमआरवर (चुंबकक्षेत्रात रेणूंची रचना तपासणारं यंत्र) तीनदा सॅम्पल लावून झालं, म्हणून लिहितेय. माझं प्रोटीन ७४ अमिनो आम्लांचं. त्यात मी एक म्यूटेशन केलंय आणि तरीही ते नीट फोल्ड होतं का, एवढंच बघायचं होतं.

पहिल्या दिवशी ऑपरेटरने माझी नळी लावलीच नाही. बफरमध्ये ३०० मिलिमोलर मीठ आहे म्हटल्यावर म्हणाले, ‘५० वर आणा, नाहीतर क्रायोप्रोबचा फायदा मीठच खाऊन टाकेल.’ (क्रायोप्रोब म्हणजे यंत्रातला सिग्नल टिपणारा, अतिथंड ठेवलेला आणि म्हणून जास्त संवेदनशील भाग.) मीठ कमी करायला रात्रभर डायलिसिस. चिडचिड झाली, पण माणूस बरोबर होता. दुसऱ्या दिवशी ४० मिनिटांत सुरेख एचएसक्यूसी, म्हणजे ठिपक्यांचा द्विमितीय नकाशा, मिळाला. नायट्रोजन-१५ने लेबल केलेल्या प्रोटीनच्या कण्यातल्या प्रत्येक एन-एचचा (नायट्रोजन-हायड्रोजन जोडीचा) त्यात एकेक ठिपका येतो. तीन प्रोलिन आणि सुरुवातीचं टोक सोडलं तर माझे ७० यायला हवे होते, ६७ मोजले. ठिपके छान पांगलेले, म्हणजे घडी बसलेली. पण मधोमध, हायड्रोजनच्या अक्षावर ८ ते ८.५ पीपीएमच्या (त्या अक्षाचं एकक) आसपास, फिकट ठिपक्यांची वेगळीच दाटी. उलगडलेली प्रोटीन्स तिथेच गर्दी करतात. एकाच नळीत दोन्ही रूपं, आणि त्यांची आपसातली ये-जा इतकी संथ की दोन्ही वेगळी दिसली! सर्क्युलर डायक्रॉइझमवर (सीडी, प्रकाशाच्या शोषणावरून प्रोटीनची घडी तपासणारी पद्धत) दोघांची सरासरी तेवढी मिळते.

आता तक्रार. त्या सीडीच्या वितळण-आलेखावरून (कोणत्या तापमानाला किती प्रोटीन उलगडतं, ते दाखवणारा आलेख) २५ अंशांना पाचवा हिस्सा उलगडलेला असायला हवा होता, इथे जवळपास तिसरा निघाला. ठिपक्यांच्या उंचीवरून काढलेला आकडा ढोबळच असतो, मान्य, पण इतका? आठवडाभर मी प्रोटीनलाच दोष देत होते. तिसऱ्या खेपेला हट्टाने मेथॅनॉलची नळी लावायला लावली. मेथॅनॉलच्या दोन शिखरांमधलं अंतर तापमानाप्रमाणे बदलतं, त्यावरून नळीतलं खरं तापमान कळतं. पडद्यावर २५, नळीत साडेअठ्ठावीस! नुसती रचना काढणाऱ्याला कदाचित हे खपून जाईल. माझं प्रोटीन ३३ अंशांना अर्धं उलगडतं, मला कसं खपावं? ‘आजवर कुणी विचारलं नव्हतं,’ हे उत्तर ऐकून तर एक तारा तिथेच कापला.

तापमान दुरुस्त केल्यावर त्याच नळीतला उलगडलेला भाग पाचव्या हिश्श्याजवळ आला. पाचपैकी चार तारे. दोन्ही रूपांमधल्या ये-जेचा वेग मोजायला झेडझेड-एक्स्चेंज या एनएमआर प्रयोगासाठी पुढच्या महिन्यातल्या दोन रात्री बुक केल्यात. मेथॅनॉलची नळी माझी मीच नेणार आहे.