जावा २५० : ६ व्होल्टवरून १२ व्होल्ट आणि सोबत इंजिनचं काम, काही महिन्यांच्या वापरानंतर

दोन सायलेन्सरवाली २५०. मूळचा ६ व्होल्ट, ४५ वॅटचा डायनॅमो आणि पॉइंट (ठिणगीची वेळ साधणारा यांत्रिक स्विच) काढून १२ व्होल्टचं मॅग्नेटवालं इलेक्ट्रॉनिक इग्निशन किट बसवलं, वायरिंग मुळापासून नवं केलं. इंजिन उघडलंच होतं म्हणून बोअर, पिस्टन, सील हेही उरकलं. एक पावसाळा धरून वापर झाल्यावर मत पक्कं झालंय: वायरिंगवरची मेहनत पुरेपूर वसूल, आणि इंजिनात मूळ मापावर येण्यापलीकडे काही करू नये.

आधी उजेडाचं, कारण बहुतेक जण त्यासाठीच हे काम काढतात. ६ व्होल्टवर ३५ वॅटचा बल्ब जवळपास ६ अँपिअर ओढतो. कडक झालेली वायर, काळवंडलेला स्विच आणि रंगावर कसलेली अर्थ (फ्रेमला जोडलेली परतीची वायर) यांत अर्धा व्होल्ट गेला, तर बल्बला ८ टक्के कमी पडतात. फिलामेंटचा उजेड त्याहून कितीतरी झपाट्याने घटतो, साधारण पाव हिस्सा जातो. १२ व्होल्टवर तोच ३५ वॅट ३ अँपिअरमध्ये भागतो आणि तेवढ्याच खराब वायरीत फक्त २ टक्के जातात. म्हणून फरक डोळ्याला दिसतो. पण नवं किट जुन्या वायरिंगला जोडणं म्हणजे अर्धंच काम. बॅटरीची मेन आणि अर्थ वायर २.५ चौरस मिमी जाडीची, हेडलाइट १.५, बाकी सगळं ०.७५ पुरतं. बॅटरीजवळ १५ अँपिअरचा फ्यूज हवाच.

अर्थ सगळ्यात दुर्लक्षित. जुन्या वायरिंगमध्ये हेडलाइटची अर्थ बऱ्याचदा हँडलच्या बॉल रेसमधून, म्हणजे ग्रीस आणि गोळ्यांमधून फ्रेमला जाते. हँडल वळवलं की लाइट फडफडते ती यामुळेच. बल्ब कितीही बदला, फरक पडत नाही. इंजिनपासून फ्रेमला आणि फ्रेमपासून हेडलाइटच्या डब्यात स्वतंत्र अर्थ वायर टाकली की दुखणं संपतं. टोकं बसतात तिथला रंग चकचकीत पत्रा दिसेपर्यंत खरवडायचा, नट घट्ट केल्यावर वरून ग्रीस.

किट बसवताना एक गोष्ट चकवते. या प्रकारच्या इग्निशनला बॅटरी लागत नाही, ते स्वतःची वीज स्वतः बनवतं. त्यामुळे जुन्या स्विचने बॅटरी तोडली तरी इंजिन चालूच राहतं. बंद करायची वायर अर्थला टेकवावी लागते. मूळ खिळ्याची किल्ली ठेवायची असेल तर मध्ये रिले (विजेने चालणारा स्विच) टाका, नाहीतर हँडलवर वेगळा किल स्विच. चार्जिंगचा लाल दिवाही निकामी होतो, कारण त्याला डायनॅमोकडून येणारी वायरच उरत नाही. त्याऐवजी छोटा व्होल्टमीटर लावा: इंजिन फिरताना १४ ते १४.४ दिसलं पाहिजे. १५ च्या वर गेलं तर आधी रेग्युलेटरची अर्थ तपासा, मग रेग्युलेटरला दोष द्या. हॉर्न आणि सगळे बल्ब १२ व्होल्टचेच. हेडलाइटला ३५/३५ वॅट पुरे. ६०/५५ टाकला तर जुना होल्डर आणि रिफ्लेक्टरचा मुलामा उष्णतेने जातो. प्लग कॅप ५ किलो-ओहमची घ्या, त्यावर परत रेझिस्टरवाला प्लग नको.

रोटर, म्हणजे किटचं फिरणारं मॅग्नेटचं चाक, बसतो क्रँकच्या उजव्या टेपरवर (निमुळत्या टोकावर). टेपर पेट्रोलने पुसून पूर्ण कोरडा हवा. तेलाचा ओशटपणा राहिला की रोटर केसभर सरकतो, टायमिंग (ठिणगीची वेळ) हलतं, आणि किक उलटी मारू लागली की दोष किटवर येतो. काढायला एम २७ × १.२५ आट्यांचा पुलर वापरा. हातोडीने ठोकलं तर मॅग्नेट सुटतात. जुन्या डायनॅमोच्या आत घासल्याच्या खुणा असतील तर थांबा: क्रँकचं टोक डगमगतंय किंवा मेन बेअरिंग गेलंय, नवा रोटरही तसाच घासेल.

डायनॅमो उतरलाच आहे तर त्यामागचं क्रँकचं ऑइल सील बदलल्याशिवाय झाकण लावू नका. टू-स्ट्रोकमध्ये हे सील हवा खेचू लागलं की मिश्रण पातळ होतं (पेट्रोल कमी, हवा जास्त), इंजिन तापतं, थ्रॉटल सोडल्यावरही आरपीएम वरच रेंगाळतात आणि एके दिवशी पिस्टन चिकटतो. लोक कार्ब्युरेटर खोलत बसतात. इनटेक आणि एक्झॉस्ट बंद करून अर्ध्या बारपेक्षा कमी, साधारण ६ पीएसआय हवा भरा. सहा मिनिटं टिकली तर क्रँककेस हवाबंद आहे. डावीकडचं सील गेल्याची खूण वेगळी: प्रायमरीकडचं (इंजिन ते क्लचच्या चेनकडचं) ऑइल ओढलं जातं, पांढरा धूर थांबतच नाही आणि गिअर ऑइल बाहेर न सांडता कमी होतं.

बोअरिंगला पिस्टन आधी, बोअर नंतर. ६५ मिमी बोअरला ओव्हरसाइज ०.२५ च्या टप्प्याने जाते, पण बाजारातले पिस्टन छापलेल्या मापाचे असतीलच असं नाही. मशिनवाल्याच्या हातात पिस्टन द्या आणि त्याच्या स्कर्टवर (खालच्या घेरावर) माप घेऊन साधारण ०.०६५ मिमी गाळा ठेवायला सांगा. रिंगच्या टोकांतलं अंतर पाव मिमीच्या आसपास. बोअरनंतर पोर्टच्या (सिलिंडरच्या भिंतीतल्या वायूच्या भोकांच्या) धारदार कडा मोडल्या नाहीत तर रिंग अडकून तुटते. हे काम सांगितल्याशिवाय कुणी करत नाही. पोर्ट मोठे करणं, हेड छाटणं यांच्या नादी लागू नये. बिडाच्या सिलिंडरला वाढीव उष्णता बाहेर टाकता येत नाही.

पहिले ५०० किमी लिटर पेट्रोलला ४० मिलि ऑइल, पुढे चांगल्या टू-टी ऑइलवर ३० ते ३५ मिलि. टायमिंग मूळ पॉइंटला टॉपच्या (पिस्टन सगळ्यात वर असतो त्या जागेच्या) आधी ३ ते ३.५ मिमी होतं. किटच्या कागदात वेगळा आकडा असेल तर तोच पाळा, आणि स्ट्रोबने (ठिणगीबरोबर चमकणाऱ्या टायमिंगच्या दिव्याने) बघा.

तक्रारी म्हणाल तर आयडलवर लाइट अजूनही थोडी मंदावते, आणि उजव्या कव्हरच्या वायरच्या भोकातून पावसाचं पाणी आत येतं. तिथे रबर ग्रोमेट बसवा आणि वायरला खाली झोळ देऊन मग वर न्या, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी गळून जाईल.