क्लाउडलॅबवरचे जेनी-लिब: यंत्रे लगेच मिळतात, प्रयोग आपणच उभा करायचा

नेटवर्कवरचा प्रयोग कागदावर दोन ओळींचा असतो. प्रत्यक्षात आधी यंत्रे मिळवायची, ती एकमेकांना जोडायची, प्रत्येकावर तेच सॉफ्टवेअर चढवायचे आणि पुढच्या महिन्यात हुबेहूब तीच मांडणी पुन्हा करायची. क्लाउडलॅब ही संशोधकांना प्रयोगांसाठी खरी यंत्रे काही काळ वापरायला देणारी सेवा. तिच्यावर ही सगळी मांडणी पायथॉनच्या एका फायलीत, म्हणजे ‘प्रोफाइल’मध्ये, लिहून मागता येते. ती फाइल ज्या लायब्ररीच्या आधाराने लिहायची, ती म्हणजे जेनी-लिब. जेनी हा नेटवर्कच्या प्रयोगांसाठीचा मूळ अमेरिकी प्रकल्प 2023 मध्ये बंद झाला, पण लायब्ररीला त्याचे नाव चिकटले ते चिकटलेच. क्लाउडलॅब 2014 मध्ये अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या निधीवर सुरू झाली. तिची मुख्य केंद्रे युटा, विस्कॉन्सिन आणि क्लेमसन इथे आहेत. संशोधनाला आणि शिकवण्याला ती मोफत आहे. प्राध्यापकाने प्रोजेक्ट उघडायचा, विद्यार्थ्यांनी त्यात सामील व्हायचे.

2002 ते 2020 या काळात चाललेल्या प्लॅनेटलॅब या अशाच जुन्या सेवेवर एकाच यंत्रावर अनेकांचे प्रयोग एकाच वेळी चालत. शेजाऱ्याने प्रोसेसर पिळला की आपले आकडे हलायचे. क्लाउडलॅबवर मात्र आख्खे यंत्र आपल्याला मिळते, कर्नलही (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) बदलता येतो. मोजमाप करणाऱ्यासाठी हा फार मोठा फरक आहे.

जेनी-लिब स्वतः काहीच चालवत नाही. तुमच्या पायथॉन कोडमधून ती ‘आरस्पेक’ नावाची एक्सएमएल फाइल तयार करते आणि पोर्टल, म्हणजे क्लाउडलॅबची वेबसाइट, तिच्यावरून यंत्रे वाटते. ‘रॉ पीसी’ प्रकारचा नोड, म्हणजे एक आख्खे यंत्र, मागायचा, त्याला इंटरफेस द्यायचा, इंटरफेस लिंकला जोडायचे आणि शेवटी आरस्पेक छापायची. वीस ओळींत काम होते. नोडची संख्या, डिस्क इमेज, यंत्राचा प्रकार हे पॅरामीटर म्हणून जाहीर केले की पोर्टल त्यांचा फॉर्म आपोआप बनवते. प्रोफाइल गिट रिपॉझिटरीत ठेवले तर प्रत्येक ब्रँच आणि टॅग ही वेगळी आवृत्ती म्हणून निवडता येते. शोधनिबंधासोबत टॅग द्या, दुसरा माणूस नेमकी तीच मांडणी उभी करू शकतो. या एका सोयीसाठी हे साधन शिकून घ्यावे.

यंत्राचा प्रकार मात्र न विसरता लिहा. तो मोकळा सोडला तर त्या वेळी जे रिकामे असेल ते मिळते. युटाच्या एम510 मध्ये 8 कोअरचा झिऑन डी-1548 आणि 10 गिगाबिटचे कार्ड आहे, तर एक्सएल170 मध्ये 10 कोअर आणि 25 गिगाबिट. सोमवारचे आकडे एकावर आणि गुरुवारचे दुसऱ्यावर घेतले तर तुलनेला काही अर्थ उरत नाही. एकाच नोडला अनेक लिंक हव्या असतील आणि ‘इंटरफेस पुरेसे नाहीत’ अशा अर्थाची चूक आली, तर लिंक मल्टिप्लेक्सिंग आणि व्हीलॅन टॅगिंग (प्रत्येक लिंकच्या पॅकेटांवर वेगळी खूण) चालू करा. मग एकाच तारेवरून अनेक लिंक जातात. त्याच्या जोडीला ‘बेस्ट एफर्ट’ लावले की बँडविड्थची हमी सुटते, त्यामुळे थ्रूपुट (प्रत्यक्ष मिळणारा वेग) मोजायचे असेल तिथे ते लावू नका.

या साधनाची खरी ताकद लिंकचा वेग आणि विलंब ठरवण्यात आहे. ‘ब्रिज्ड लिंक’ मागितली की दोन नोडांच्या मध्ये डमीनेट, म्हणजे मुद्दाम वेग कमी करणारे आणि विलंब घालणारे फ्रीबीएसडीचे साधन, चालवणारे एक जादा यंत्र येते. म्हणजे दोन नोडांच्या प्रयोगाला तीन यंत्रे लागतात, हे रिझर्व्हेशन करताना धरून चाला. बँडविड्थ किलोबिटमध्ये लिहायची, विलंब मिलिसेकंदात. 10 मेगाबिट हवे असतील तर 10000 लिहा. तिथे चुकून 10 लिहिले तर एसएसएचच्या किल्ल्यांची देवघेवसुद्धा रखडेल इतकी लिंक मंद होते. विलंब एका दिशेचा असतो. 36 लिहिले तर पिंग 72 मिलिसेकंदांच्या किंचित वर दिसले पाहिजे. तेवढे दिसले नाही तर पुढे जाऊच नका.

आता रांगेकडे, म्हणजे लिंकवर जाण्याआधी पॅकेट थांबतात त्या बफरकडे, बघा, कारण इथे बरेच जण फसतात. 10 मेगाबिट आणि 72 मिलिसेकंद म्हणजे वाटेत एका वेळी 90,000 बाइट मावतात, 1500 बाइटचे 60 पॅकेट. डमीनेटची रांग मुळात 50 पॅकेटची असते. रीनो आणि क्युबिक हे टीसीपीचा वेग ठरवणारे दोन अल्गोरिदम. रीनोची विंडो, म्हणजे पोच न मिळता एका वेळी पाठवलेली पॅकेटे, 110 पॅकेटपर्यंत चढते, तिथे पॅकेट गळते आणि विंडो 55 वर येते. 55 हे 60 पेक्षा कमी, म्हणजे थोडा वेळ लिंक पूर्ण भरत नाही. क्युबिक 70 टक्क्यांपर्यंतच खाली येते, म्हणजे 77 वर, त्यामुळे तिला झळ लागत नाही. रांग न बघता दोघांची तुलना छापली तर अल्गोरिदमच्या नावाखाली तुम्ही बफरच मोजलेला असतो. रांगेची लांबी ठरवा आणि निकालाशेजारी लिहा.

दुसरा मोठा खड्डा कंट्रोल नेटवर्कचा. प्रत्येक नोडला दोन पत्ते असतात: एसएसएचसाठी सार्वजनिक आणि प्रयोगासाठी खाजगी. ‘नोड-0’ असे आखूड नाव होस्ट फाइलमधून प्रयोगाच्या पत्त्याकडे जाते, तर पोर्टलवर दिसणारे लांब नाव कंट्रोल नेटवर्ककडे. वेग मोजणाऱ्या आयपर्फला लांब नाव दिले की सगळी वाहतूक सामायिक नेटवर्कवर जाते आणि तुमची विलंबाची लिंक कोरडीच राहते. कंट्रोलची तार 1 गिगाबिटची असेल तर खूण ओळखीची असते: 10 गिगाबिटची लिंक मागूनही आकडा 940 मेगाबिटच्या आसपास अडकतो. चालवण्याआधी ‘आयपी रूट गेट’ ही आज्ञा देऊन पॅकेट कुठल्या इंटरफेसने बाहेर पडते ते पाहा. त्याला दहा सेकंद लागतात.

जेनी-लिब तोकडे पडते ते यंत्रे सुरू झाल्यानंतर. नोडला स्टार्टअप स्क्रिप्ट जोडता येते, पण ती चालण्याचे काही नियम आधी माहीत हवेत. स्क्रिप्ट ‘जेनीयूझर’ या खात्याने चालते, म्हणून इन्स्टॉलच्या प्रत्येक आज्ञेला सुडो (प्रशासकाचे अधिकार) लागतो. ती प्रत्येक रीबूटला पुन्हा चालते. कर्नल बदलून रीबूट करणारी स्क्रिप्ट याच कारणाने गोल गोल फिरत राहते. पहिल्या यशानंतर एक खूणफाइल तयार करा आणि ती दिसली की स्क्रिप्टने लगेच बाहेर पडावे अशी व्यवस्था करा. उबुंटूवर बूटनंतर लगेच पॅकेजचे कुलूप दुसऱ्याच प्रक्रियेकडे असू शकते. म्हणून पॅकेज चढवणाऱ्या ॲप्टला कुलूप सुटेपर्यंत थांबण्याचा पर्याय द्या, नाहीतर वीसपैकी दोन नोड अर्धवट राहतील आणि ते शोधण्यात दुपार जाईल.

नोडांमध्ये आपसात थांबण्याची सोयही नाही. सर्व्हर तयार व्हायच्या आधी क्लायंट सुरू होऊ शकतो, कारण प्रत्येक नोड आपापल्या गतीने चालतो. पोर्टलवरचे ‘रेडी’ यंत्राबद्दल बोलते, तुमच्या प्रोग्रामबद्दल नाही. स्टार्टअपमध्ये फक्त इन्स्टॉल ठेवावे. प्रयोग चालवण्याचे काम आपल्या लॅपटॉपवरून ॲन्सिबलने (अनेक यंत्रांवर एकदम आज्ञा चालवणारे साधन) किंवा साध्या एसएसएच स्क्रिप्टने करावे, आणि त्यात पहिली पायरी पोर्ट उघडले का ते तपासण्याची, तीही मुदतीसह. सगळ्या नोडांची यादी, म्हणजे मॅनिफेस्ट, ‘जेनी-गेट मॅनिफेस्ट’ या आज्ञेने मिळते, पत्ते हाताने टाइप करायची गरज नाही.

डिस्कच्या बाबतीत सावध राहा. रूट पार्टिशन मर्यादित असते आणि उरलेली डिस्क फॉरमॅट न केलेली पडून असते. पॅकेट कॅप्चर रूटवर टाकले तर ते मध्येच भरते. प्रोफाइलमध्ये ब्लॉकस्टोर (जादा डिस्क-जागा) मागा आणि कॅप्चर तिथे ठेवा. मात्र इमेज (पुन्हा वापरण्यासाठी डिस्कची प्रत) काढताना ब्लॉकस्टोर त्यात येत नाही, होम फोल्डरही नाही. बनवलेले सॉफ्टवेअर होममध्ये ठेवून इमेज काढली तर पुढच्या वेळी ते गायब असते.

प्रयोगाची मुदत सुरुवातीला 16 तासांची असते. वाढवून मिळते, पण त्याच यंत्रांवर दुसऱ्याचे रिझर्व्हेशन आले असेल तर नाही. डेडलाइनच्या आठवड्यात हे हमखास होते, तेव्हा रिझर्व्हेशन काही आठवडे आधी करा. मुदत संपली की लोकल डिस्कवरचे सगळे जाते, परत मागण्याची सोय नाही. प्रत्येक फेरी संपताच आरसिंकने निकाल बाहेर काढा आणि त्याच फोल्डरात मॅनिफेस्ट, कर्नलची आवृत्ती आणि गिटचा कमिट हॅश ठेवा.