तळपायांची आग, कारण सापडेना: प्रीगाबालिन, नॉरट्रिप्टिलीन की ड्युलोक्सेटिन?

रात्री २ वाजता उठून बघितलं तर आई स्वयंपाकघरात शहाबादी फरशीवर अनवाणी उभी, कारण अंथरुणात चादर पायाला लागली तरी चटके बसतात म्हणे. शुगर नॉर्मल, बी१२ ठीक, थायरॉइड ठीक, एनसीव्ही (नसांमधून संदेश किती वेगाने जातो ती तपासणी) पण झाली आणि शेवटी डॉक्टर म्हणाले नसांचाच त्रास आहे पण कारण सापडत नाही. बऱ्याच जणांचं असंच होतं, आणि मग प्रश्न उरतो गोळी कुठली.

अगदी ह्याच, म्हणजे कारण न सापडलेल्या न्यूरोपॅथीच्या (नसांच्या त्रासाच्या) ४०२ पेशंटवर अमेरिकेत चार औषधांची तुलना झाली होती, २०२० मध्ये रिझल्ट आले. १२ आठवड्यांत दुखणं निम्म्याने तरी कमी झालं असे नॉरट्रिप्टिलीनवर २५ टक्के, ड्युलोक्सेटिनवर २३, मेक्सिलेटिनवर २० आणि प्रीगाबालिनवर १५. औषध मध्येच सोडणारे ड्युलोक्सेटिनचे ३७ टक्के, नॉरट्रिप्टिलीनचे ३८, प्रीगाबालिनचे ४२, मेक्सिलेटिनचे ५८. आकडे बघून मला आधी रडूच आलं, पण नंतर आईला तेच समजावून सांगितलं की पहिली गोळी लागू पडली नाही तर त्यात तुझं काही चुकलेलं नाही, बहुतेकांचं तसंच होतं. फायद्यात पहिल्या दोघांत फरक नसल्यासारखाच आहे, त्यामुळे माझ्या मते निवड करायची ती आपल्या शरीराला कुठला साइड इफेक्ट झेपेल त्यावरून.

आपल्याकडे पहिली चिठ्ठी बहुतेक प्रीगाबालिनची असते, ७५ मिलिग्रॅमची कॅप्सूल, सोबत मिथाइलकोबालामिन, म्हणजे बी१२ चाच एक प्रकार. चांगली बाजू म्हणजे बाकीच्या गोळ्यांशी फारसं भांडण नाही, त्यामुळे आधीच मूठभर औषधं चालू असणाऱ्यांना सोयीचं पडतं. पण चक्कर! आई सकाळी बाथरूमला जाताना दाराची चौकट धरून उभी राहायची, दुपारी डोळे मिटायचे, आणि तिसऱ्या आठवड्यात पाय इतके सुजले की चपलेच्या पट्ट्याचा वळ संध्याकाळपर्यंत जायचा नाही. वजन पण वाढतं. किडनी कमजोर असेल तर डोस कमी लागतो, म्हणून क्रिएटिनिनचा रिपोर्ट डॉक्टरांना आठवणीने दाखवा. वय जास्त आणि पडायची भीती असेल तर मी तरी हे पहिलं निवडणार नाही.

नॉरट्रिप्टिलीन जुनं औषध, रात्री १० मिलिग्रॅमपासून सुरू करून हळूहळू वाढवतात. झोप लागते, आणि आगीमुळे रात्र रात्र जागणाऱ्याला हेच सगळ्यात मोठं सुख वाटतं. पण तोंड कोरडं पडतं, पोट साफ होत नाही, आणि प्रोस्टेट, काचबिंदू किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना स्पष्ट सांगा, ईसीजी काढायला सांगू शकतात. अमिट्रिप्टिलीन ह्याचाच थोरला भाऊ, गुंगी आणि कोरड दोन्ही जास्त.

ड्युलोक्सेटिनचं नाव नेटवर टाकलं की डिप्रेशनचं औषध म्हणून येतं आणि घरचे घाबरतात. घाबरू नका, नसांच्या दुखण्यावर ते वेगळं काम करतं. दिवसा कामावर जाणाऱ्याला, गुंगी नको असणाऱ्याला हे बरं, गुडघे-कंबर दुखत असेल तर त्यालाही मदत होते. सुरुवातीला मळमळ फार, जेवणानंतर घेतलं तर जरा कमी होते. बीपी वाढू शकतं, लिव्हरचा त्रास किंवा रोजचं पिणं असेल तर नको, आणि ट्रामाडॉल ही दुखण्यावरची गोळी चालू असेल तर ते लपवू नका, दोन्ही एकत्र धोक्याचं ठरू शकतं.

मेक्सिलेटिनच्या नादी मी लागले नाही, मुळात ते हृदयाच्या ठोक्यांचं औषध आणि अर्ध्याहून जास्त लोक सोडतात.

अजून एक कळकळीने सांगते, सुरुवातीलाच दोन-तीन औषधं एकत्र असलेली गोळी मिळाली तर विचारा की एकेक करून बघता येईल का, नाहीतर फायदा कशाने झाला आणि सूज कशाने आली काहीच कळत नाही. आणि कुठलीही गोळी आपल्या मनाने एकदम बंद करू नका, डॉक्टर टप्प्याटप्प्याने कमी करतात.

आम्ही कॅलेंडरच्या चौकोनात रोज रात्री ० ते १० आकडा लिहितो. नॉरट्रिप्टिलीन २५ वर पाचव्या आठवड्यात ८ चा ४ झाला, आई सलग ५ तास झोपते. बधिरपणा मात्र तसाच आहे, तो ह्यातल्या कुठल्याच गोळीने जात नाही, म्हणून चप्पल घातल्याशिवाय तिला अंगणात जाऊ देत नाही.