शोधग्राम (सर्च), गडचिरोली: बाबांच्या ऑपरेशनचा अनुभव

बाबांच्या हर्नियासाठी आधी शहरातल्या एका मोठ्या प्रायव्हेट हॉस्पिटलात गेलो होतो, नाव नाही घेत. डॉक्टर चांगले होते, म्हणाले आधी बीपी खाली येऊ द्या, पंधरा दिवसांनी या, घाई नाही. बाहेर आलो तर काउंटरवाला म्हणतो आजच ॲडमिट व्हा, पॅकेज महिनाअखेरपर्यंतच आहे. परत आत जाऊन विचारलं तर डॉक्टर खाली बघून बोलले, ते माझ्या हातात नाही हो, वर बोला. डॉक्टरच्याच हातात नाही तर मग कोणाच्या हातात आहे? आम्ही तसेच घरी आलो.

मग मामेभाऊ म्हणाला सर्चला न्या, तिथे सर्जरी कॅम्प होतात. गडचिरोलीहून धानोरा रोडने चातगावजवळ शोधग्राम आहे, तिथला माँ दंतेश्वरी दवाखाना. अभय बंग आणि राणी बंग, दोघंही डॉक्टर, १९८६ पासून गडचिरोलीत काम करतात, सर्च ही त्यांचीच संस्था. दवाखाना उभारायच्या आधी त्यांनी आदिवासींनाच विचारलं की तुम्ही दवाखान्यात का येत नाही, तर लोकं म्हणाली मोठ्या बिल्डिंगची भीती वाटते, आमच्यात मेलेल्या माणसाला पांढरं कापड गुंडाळतात आणि तिथे सगळे पांढऱ्या कपड्यात फिरतात, वरून नातेवाईकांना बाहेर काढतात. म्हणून इथे गावातल्यासारख्या झोपड्या केल्या आणि नाव त्यांच्या देवीचं दिलं. आई पूर्ण वेळ बाबांजवळ होती, कोणी उठ म्हटलं नाही.

मला सगळ्यात आवडलं ते म्हणजे ऑपरेशनच्या आदल्या दिवशी एका तरुण डॉक्टरने केसपेपरच्या मागे पेनने पोट काढून, जाळी कुठे बसवणार ते बाबांना दाखवलं आणि मग विचारलं, धान कापायला कोण आहे घरी? कारण वजन उचलायचं नव्हतं. बाबांनी तो कागद अजून जपून ठेवलाय.

माझं म्हणणं, दवाखाना चालवणाऱ्याने स्वतः पेशंट तपासलेला असला की असे प्रश्न आपोआप खालपर्यंत येतात. गावातल्या कमी शिकलेल्या बायांना आरोग्यदूत म्हणून शिकवून त्यांच्या हाती घरच्या घरी नवजात बाळांचा इलाज द्यायचा, अगदी जंतुसंसर्गावर इंजेक्शनसुद्धा, हा निर्णय नुसत्या फायली बघणाऱ्याने घेतलाच नसता. इथे घेतला, आणि बाळांचे मृत्यू मोजून किती कमी झाले ते १९९९ मध्ये लॅन्सेट या डॉक्टरांच्या नियतकालिकात छापून आलं. आज आपल्या गावातली आशाताई बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळाचं वजन करते ना, त्याची सुरुवात इथली. हिशोब, खरेदी, स्टाफ यासाठी मॅनेजर पाहिजेच, पण पेशंटला कधी घ्यायचं, कधी थांबवायचं हे डॉक्टरनेच ठरवावं.

जायचं असेल तर कॅम्पच्या तारखा फोन करून विचारा, जुने रिपोर्ट सगळे सोबत न्या. आणि खर्रा घरीच ठेवा, तिथे तंबाखू चालत नाही. बाबांचा तेव्हापासून सुटलाय, आता दिवाळीला वर्ष होईल.