'आधीचा' फोटोच खोटा होता: गाड्यांचं फोटो एडिटिंग शिकताना माझे 34,319 रुपये कसे गेले

34,319 रुपये. आकडा पूर्ण लिहिते आहे, कारण पोलीस ठाण्यात अर्जावर 'अंदाजे तीस हजार' असं लिहून घेत होते आणि मला तिथेच रडू फुटलं. अंदाजे नाही हो. कोर्सचे 12,499, 'प्लगइन लायसन्स'चे 4,720, कामासाठी अनामत 15,000 आणि शेवटी 'टीडीएस'चे म्हणून 2,100. एकेचाळीस दिवसांत चार वेळा पैसे पाठवले आणि चारही वेळा पिन मीच टाकला.

मी आठ वर्षं घरून फोटो एडिटिंग करते. लग्नाचे अल्बम, बाळांचे फोटो, चेहरे साफ करणं, मागची गर्दी काढणं. हे आधीच सांगते, कारण 'तू तर यातलीच आहेस, तुला कसं कळलं नाही' हे घरातल्या प्रत्येकाचं विचारून झालंय. पण माझी बाजूही ऐकून घ्या. गेल्या दोन वर्षांत हे काम आटत गेलं. जे करायला मला रात्र लागायची ते आता एका बटणावर होतं, आणि गिऱ्हाईक तेच बटण दाखवून पैसे कमी करायला सांगतं. गाड्यांच्या फोटोंचं काम अजून हाताचं आणि नजरेचं आहे असं मला वाटत होतं, आजही वाटतं. उभ्या गाडीला पळती दाखवायचं, कोरड्या रस्त्यावर पाऊस पाडायचा, भर दुपारचा फोटो संध्याकाळचा करून हेडलाइट लावायचे. मला ते शिकायचं होतं. घरबसल्या लाखो कमवा म्हणणाऱ्याच्या मागे मी गेले नव्हते. मॉनिटरसाठी साठवलेले पैसे मी एका कौशल्यासाठी घातले.

सुरुवात चाळीस मिनिटांच्या मोफत ऑनलाइन सत्राने झाली, आणि मला सर्वांत जास्त चीड याची येते की त्यात शिकवणारा माणूस बरोबर बोलत होता. टायर जमिनीला टेकतो तिथे सावली सगळ्यात गडद हवी आणि बाहेर जाईल तशी मऊ व्हायला हवी, नाहीतर गाडी तरंगते. बरोबर. पळत्या गाडीचं चाक सरळ रेषेत ब्लर करायचं नाही, ते जागच्या जागी गोल फिरलेलं दिसलं पाहिजे, फोटोशॉपमध्ये त्यासाठी 2014 पासून स्पिन ब्लर आहे. हेही बरोबर. हेडलाइटचा झोत स्वच्छ हवेत दिसत नाही, धुकं, धूळ किंवा पाऊस असेल तरच दिसतो. हॅलोजनचा उजेड पिवळट, 3200 केल्विनच्या आसपास, एलईडीचा पांढरा-निळसर, 6000 च्या जवळ, दोन्ही दिव्यांना वेगळा रंग गेला की फोटो पकडला जातो. सगळं खरं. मी वहीत उतरवून घेत होते. ज्याला एवढं कळतं तो आपल्याला बुडवेल असं मनात तरी कसं येणार? पण पहिली चाळीस मिनिटं चोख शिकवणं हा त्यांच्या भांडवलाचाच भाग असतो, हे आता कळलं.

मग त्याने 'आधी' आणि 'नंतर' असे दोन फोटो शेजारी लावले.

या दोन फोटोंवर मी नंतर किती तास घालवलेत त्याचा हिशेब नाही. डावीकडे 'आधी': लाल हॅचबॅक, पार्किंगमध्ये उभी, डोक्यावर ऊन, कोरडा डांबरी रस्ता. उजवीकडे 'नंतर': तीच गाडी तिन्हीसांजेला ओल्या रस्त्यावरून सुसाट, चाकं फिरलेली, रस्त्यात तिचं लाल प्रतिबिंब. म्हणाला, डावीकडून उजवीकडे दोन तासांत. सगळे वा-वा करत होते. मी डावीकडच्या फोटोकडे बघत होते, कारण माझी सवय आहे, मी आधी मूळ फोटो बघते. आणि मला दिसलं होतं. पुढच्या आणि मागच्या चाकाचे स्पोक अगदी एकाच कोनात थांबलेले. हवेचा व्हॉल्व्हसुद्धा दोन्ही चाकांवर एकाच जागी, घड्याळात चार वाजतात तिथे. दारांच्या खालच्या भागात, जिथे फक्त जमीन दिसायला हवी, तिथे पिवळ्या उजेडाचे लांब ओघळ. कोरड्या पार्किंगमध्ये, भर दुपारी! गाडीचा रंग आरशासारखा असतो, वरच्या भागात आकाश दिसतं, खालच्या भागात रस्ता. त्या दारात ओला रस्ता आणि पेटलेले दिवे दिसत होते. म्हणजे ती गाडी त्या पार्किंगमध्ये कधी उभीच नव्हती.

उजवीकडचा फोटो खरा होता आणि डावीकडचा बनवलेला. याला रिग शॉट म्हणतात. गाडीला सक्शन कपने लांब दांडा लावतात, त्याच्या टोकाला कॅमेरा बसवतात, गाडी अगदी हळू पुढे सरकवतात आणि शटर सेकंदभर किंवा त्याहून जास्त उघडं ठेवतात. कॅमेरा गाडीबरोबरच सरकतो, म्हणून गाडी ठळक येते, रस्ता आणि चाकं फिरलेली येतात. नंतर तो दांडा फोटोतून पुसतात. असा कोणाचा तरी फोटो उचलून, मागे दुपारचं पार्किंग चिकटवून, फिरलेल्या चाकांवर थांबलेलं एकच चाक दोनदा डकवून यांनी 'आधी' तयार केला होता. संपूर्ण जादू उलटी.

मी विचारलंही होतं. चॅटमध्ये लिहिलं, 'सर, मूळ फोटोतली दोन्ही चाकं सारखीच कशी?' त्याने माझं नाव घेऊन सगळ्यांना वाचून दाखवलं. म्हणाला, 'एक चाक चिखलाने माखलेलं होतं म्हणून दुसरं कॉपी केलं. ताई, तुमची नजर साधी नाही, तुम्ही बेसिकला येऊच नका, थेट ॲडव्हान्स बॅच घ्या.' दीडशे माणसांसमोर. आठ वर्षांत माझ्या नजरेचं असं कौतुक कोणी केलं नव्हतं. दाराचा प्रश्न मी टाइप केला होता, तो पुसून टाकला. इथे थांबायला हवं होतं. पुरावा डोळ्यांसमोर होता, मला कळत होता, आणि कौतुक ऐकून मी तो सोडून दिला. पैसे गेल्याचं दुःख एकीकडे, हे एकीकडे.

बेसिक 7,999 ला होता. ॲडव्हान्स 12,499.

कोणाकडूनही एडिटिंग शिकणार असाल तर त्याच्या फोटोंवर जाऊ नका, तुमचा फोटो द्या. 'माझ्या या गाडीखाली माझ्यासमोर सावली घालून दाखवा', एवढंच म्हणा. दहा मिनिटांचं काम आहे. ज्याला येतं तो करेल. कॅमेऱ्याची रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातून निघालेला कच्चा मूळ फोटो, आणि लेयर असलेली पीएसडी, म्हणजे फोटोशॉपची कामाची फाइल, ज्यात प्रत्येक थर वेगळा दिसतो, ती मागा. जेपीजी, म्हणजे तयार फोटो, कोणीही दाखवतं.

कोर्समध्ये अकरा व्हिडिओ निघाले, मिळून दोन तास बारा मिनिटं. इतरांचे मोफत व्हिडिओ, कोपऱ्यातलं नाव कापून, वर दुसऱ्याचा आवाज. तक्रार केली तर म्हणाले, खरा निकाल प्लगइनने, म्हणजे फोटोशॉपला जोडायच्या जास्तीच्या प्रोग्रामने येतो, ते वेगळं घ्यावं लागेल: 4,000 अधिक 18 टक्के जीएसटी, 4,720. जीएसटी घेतला, पण पावतीवर जीएसटी क्रमांक नव्हता. हे बघायचं असतं, मी बघितलं नाही. प्लगइन म्हणून आली एक ॲक्शन फाइल आणि काळ्या पार्श्वभूमीवरचे धूर, पाऊस, दिव्यांच्या चमकेचे 40 फोटो. ॲक्शन म्हणजे रेकॉर्ड करून ठेवलेल्या पायऱ्या. मी ती उघडून एकेक पायरी वाचली. सरळ रेषेतला मोशन ब्लर, कॅमेरा रॉमधला रंगांचा फेरफार, आणि एक लेयर स्क्रीन मोडला, म्हणजे काळा भाग गायब होऊन फक्त उजळ भाग उरतो. संपलं. कोणत्याही गाडीवर चालवा, पाऊस सगळीकडे एकाच जाडीचा. खऱ्या पावसात जवळचे थेंब लांब आणि पुसट येतात, दूरचे बारीक आणि दाट, म्हणून दोन-तीन थर लागतात, आणि गाडीच्या टपावर उडणारे तुषार वेगळे काढावे लागतात. हे मी स्वतः शिकले, त्या 17,219 रुपयांत नाही.

इथपर्यंत ठीक होतं. वाईट कोर्स म्हणून गप्प बसले असते. पण त्यांनी मग काम देऊ केलं. आणि तुम्ही म्हणाल 'इथे तरी कळायला हवं होतं'. कळलं असतं, पण ज्याचे सतरा हजार गेलेत तो माणूस ते वसूल कसे होतील याच विचारात असतो, आणि हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं. 60 फोटो, प्रत्येकी 350, एकूण 21,000. डेटा गोपनीय म्हणून 15,000 अनामत, काम झालं की परत. काम देणारा पैसे देतो, घेत नाही. हे वाक्य मी माझ्या धाकट्या भावाला किती वेळा सुनावलं असेल.

तेवीस रात्री जागून मी ते 60 फोटो केले. मन लावून केले. प्रत्येक चाक वेगळ्या कोनात फिरवलं, प्रत्येक दारात नवीन आकाश बसवलं. पूर्ण आकारात, वॉटरमार्कशिवाय पाठवले. तुम्ही तसं करू नका, पैसे हातात येईपर्यंत लहान आकार आणि आडवा वॉटरमार्क. मग निरोप आला की 21,000 तयार आहेत, फक्त दहा टक्के टीडीएस आधी भरा. 2,100. टीडीएस म्हणजे पैसे देणारा त्यातूनच कापून घेतो तो कर, तो कोणी आगाऊ मागत नसतं. मला माहीत होतं! माझ्या जुन्या बिलांतून कापला गेलाय. तरी पाठवले. त्या रात्री अकरा वाजता नंबर बंद झाला.

चारही वेळा पैसे वेगवेगळ्या नावांच्या खात्यांवर गेले होते. पिन टाकण्याआधी नाव समोर येतं. ते वाचा.

आता पुढचं. सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन केला, तक्रार क्रमांक मिळाला. पण मला कळून, लाज गिळून, फोन करेपर्यंत शेवटच्या 2,100 लासुद्धा दोन दिवस झाले होते. पैसे पुढे सरकण्याआधी रोखायचे तर पहिले काही तासच असतात. आधी फोन करा, मग रडा.

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न: 'पैसे तुम्हीच पाठवले ना?' दुसरा: 'फोटोतली गाडी पळवायला शिकायचे बारा हजार?' आणि बाजूचा हसला. मी दोन्ही फोटो छापून नेले होते, चाकांवर लाल गोल करून, दारातल्या उजेडावर बाण काढून. पुरावा म्हणून. त्यांनी कागद उलटा करून त्याच्या पाठीवर माझा मोबाइल नंबर लिहून घेतला. म्हणाले, हे सायबरचं आहे, तिकडे जा. सायबर कक्षात सांगितलं, रक्कम लहान आहे, तुमच्या हद्दीच्या ठाण्यातच गुन्हा नोंदवा. परत आले तर साहेब बंदोबस्ताला. तिसऱ्या फेरीत म्हणाले, हा फसवणुकीचा विषय नाही, कोर्स आवडला नाही म्हणून ग्राहक मंचात जा. अहो, कोर्स आवडला नाही? अनामत घेऊन, काम करून घेऊन, नंबर बंद करून पळालेला माणूस हा शिक्षक झाला का?

बँकेत आणखी वेगळी तऱ्हा. व्यवहार तुमच्या पिनने झाला, म्हणजे तुमच्या संमतीने झाला, आमच्याकडे काही होत नाही. निदान समोरची खाती तरी गोठवा म्हटलं, तर एफआयआरची प्रत आणा. पोलीस म्हणतात बँकेचं पत्र आणा, मग बघू. त्या दोन टेबलांमध्ये मी सहा फेऱ्या मारल्या आणि प्रत्येक ठिकाणी पहिल्यापासून, अनोळखी माणसांसमोर, आपली फसगत सांगितली. एकाने तर शेवटी समजावलं, 'ताई, लोकांचे दहा-दहा लाख जातात.' म्हणजे माझ्या पैशांना रांगेत उभं राहायचीही लायकी नाही. ती माझी आठ महिन्यांची बचत होती. 'रक्कम लहान' हे कोणी ठरवायचं? अशी लहान रक्कम त्या सत्रातल्या दीडशेपैकी पंचवीस जणांनी भरली असेल तर ती लहान राहते का? हे मी बोलले. ऐकून घेतलं आणि उद्या या म्हणाले.

तक्रारीसमोर आजही 'प्रक्रियेत' एवढंच दिसतं. चॅट, पावत्या, व्यवहार क्रमांक, सत्राचे स्क्रीनशॉट, सगळं तारीखवार लावून ठेवलंय. तुमच्या बाबतीत झालं तर पहिल्याच दिवशी ठेवा, ती माणसं मागचे मेसेज पुसतात. माझे अर्धे पुसले होते.

परवा एका मैत्रिणीने विचारलं, हा कोर्स कसा आहे गं? जाहिरात नव्या नावाची, फी 9,999. 'आमच्या विद्यार्थ्यांचं काम' म्हणून खाली नऊ फोटो. त्यातले सहा माझे. माझ्या तेवीस रात्रींतले, माझ्या हाताने फिरवलेल्या चाकांचे. ज्या कामाचा एक रुपया मिळाला नाही ते आता दुसऱ्या कोणाला तरी जाळ्यात ओढायला वापरलं जातंय. मी मैत्रिणीला फोनवरच सगळं सांगितलं आणि ती जाहिरात जतन करून चौथ्यांदा अर्ज दिला.

वरती मोठ्या आकारात तेच 'आधी' आणि 'नंतर' आहेत. या वेळी गाडी निळी केली आहे. व्हॉल्व्ह दोन्ही चाकांवर अजून चार वाजता आहे, आणि ओल्या रस्त्यातलं गाडीचं प्रतिबिंब बदलायला ते विसरलेत. ते लालच आहे.